बोट उचललं की

घरात नवीन वस्तू आली की वस्तू बाकीच्यांकडे जायची आणि तिच्यासोबतचं पुस्तक माझ्याकडे. मिक्सरचं पुस्तक मी वाचलं, कुकरचं वाचलं. बाबांच्या गुडघ्याला बांधायच्या विजेच्या पट्ट्याचं तर दोनदा वाचलं, कारण त्यात एक वाक्य होतं: ‘झोपलेल्या माणसावर वापरू नये, तो जागा असल्याशिवाय.’ वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत त्यामुळे माझं नाव झालेलं. कोणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या की मेकॅनिकच्या आधी मला बोलवायचे. मी दुरुस्त काही करायचो नाही. पुस्तकात काय लिहिलंय ते मोठ्याने वाचून दाखवायचो आणि लोकांना बरं वाटायचं.

हे सांगायचं कारण एवढंच की पुढे जे झालं ते मी अडाणी होतो म्हणून झालं नाही. मी वाचलेलं होतं म्हणून झालं.

१९९५ च्या डिसेंबरात गुणाजीने कीबोर्ड आणला. गुणाजी चेंदणी कोळीवाड्यातला. त्याची बेंजो पार्टी होती: बेंजो, ढोलकी, एक गाणारा, आणि पेटीवर मी. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कोळ्यांच्या आणि आगऱ्यांच्या हळदी वाजवायचो. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला तिसऱ्यांदा होतो, त्यामुळे वेळ भरपूर. कीबोर्ड जपानी होता, सेकंडहँड. अंधेरीच्या कुणा वादकाने संगीत सोडून व्यायामशाळा काढली, त्याच्याकडून घेतलेला. उचलायला दोन माणसं लागायची. सोबत तीन जाडजूड पुस्तकं. गुणाजीने कीबोर्ड स्वतःपुढे ठेवला आणि पुस्तकं माझ्या मांडीवर.

“हरी, तू हे वाच,” तो म्हणाला. “मला फक्त शेवट सांग.”

प्रॅक्टिस आम्ही वागळे इस्टेटमध्ये करायचो. गुणाजीच्या एका मित्राचं तिथे लोखंडी ग्रिलं बनवायचं वर्कशॉप होतं. शुक्रवारी इस्टेटला सुट्टी, यंत्रं बंद. मग सकाळी दहापासून वरच्या माळ्यावर, ग्राइंडरच्या काळ्या धुळीत, आमचं चालायचं. घरी गेल्यावर रुमालावर शिंकलो की गंज दिसायचा.

मधल्या पुस्तकात सॅम्पलिंगचा धडा होता, पान एकशे दहापासून पुढे. सॅम्पल म्हणजे बाहेरचा कुठलाही आवाज माईकमधून आत घ्यायचा आणि कीबोर्डच्या एका पट्टीवर ठेवायचा. मग पट्टी दाबली की तो आवाज वाजतो, बोट उचललं की थांबतो. कुत्र्याचं भुंकणं घेतलं तर कुत्रा सारेगम भुंकेल. हे आवाज सॅम्पल मेमरीत राहतात. आणि पान एकशे बारावर, चौकटीत, ठळक अक्षरांत: वाद्य बंद केलं की सॅम्पल मेमरीतलं सर्व काही पुसलं जातं. ठेवायचं असेल तर त्याआधी फ्लॉपीवर उतरवून घ्यावं. शाळेतल्या फळ्यासारखं. तास संपला, डस्टर फिरला.

मी आधी गुणाजीची शिंक घेऊन बघितली. त्याला मिरपूड हुंगायला लावली. अकरा शिंका झाल्या, पट्टी दाबली, काही नाही. आईच्या कुकरची शिट्टी टेपवर घेऊन गेलो. काही नाही. पडद्यावर नुसते शून्य सेकंद दिसायचे. पुस्तकाच्या शेवटी अडचणींचा तक्ता होता, त्यात लिहिलेलं: आवाज येत नसल्यास वाद्य चालू आहे का पाहा. आवाज पुरेसा मोठा आहे का पाहा. वाद्य चालू होतं. म्हणजे आवाज लहान पडत होता.

मोठा आवाज शोधायला लांब जावं लागणार नव्हतं.

चंद्रभागामावशी गुणाजीची सख्खी मावशी, म्हणून आम्हा सगळ्यांचीच मावशी. सकाळी ती ठाण्याच्या मासळी बाजारात बसायची आणि तिने ‘बोंबील’ म्हटलं की तीन गल्ल्यांपलीकडे माणसं पिशव्या शोधायला लागायची. पण तिचं खरं काम वेगळं. ती धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले गाणारी. आमच्यासारख्यांकडे भटजी लागतो तशी यांच्याकडे ती लागते. धवल्यात ती देवांना बोलावते, खाडीला बोलावते, गावाच्या वेशीला बोलावते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते. प्रत्येक नावाला तांदळाची एक चिमूट पडते. आणि शेवटी सगळ्यांना निरोप देऊन आल्या वाटेने परत लावते. चाळीस मिनिटं. ढोलकी नाही, टाळी नाही.

मावशीने अशी कोळीवाड्यातली किती लग्नं लावली असतील त्याला मोजदाद नाही. पण ती म्हणायची, माझं एकच लग्न गायचं राहिलंय. नात मंदाकिनी. आईबापांच्या मागे मावशीनेच तिला वाढवलेलं, आणि येत्या वैशाखात तिचं लग्न ठरलेलं. तो धवला गायला की मग गळा गेला तरी चालेल, असं ती हसत हसत म्हणायची. आम्हीही हसायचो.

मावशी गात असताना तरुण मंडळी मांडवाबाहेर उभी राहून आमच्या स्पीकरांकडे बघायची, भात शिजायची वाट बघावी तशी. गुणाजीच्या डोक्यात तिथूनच आलं. मावशीची पहिली हाळी तेवढी घ्यायची आणि तिच्या पाठीवर ढोलकी सोडायची. धवलाही झाला आणि नाचही. त्याने मावशीला विचारलं तेव्हा ती सुरमई कापत होती. तिने कोयता हवेत तसाच धरून ठेवला, म्हणून त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला विचारायला सांगितलं.

मी विचारलं नाही. मी त्याहून वाईट केलं.

जानेवारीत, गुरुवारी, कळव्याला एक हळद होती. दुपारी चारला मांडवात खुर्च्या लावणं चाललेलं. मी मावशीपुढे माईक धरला आणि म्हटलं, माईक टेस्ट करायचाय, एक ओळ म्हणा. तिने माईकची वायर कुठे जातेय ते डोळ्यांनी शेवटपर्यंत बघितलं.

“ह्यो डबा मना ठेवून घेनार तं नाय ना रं?”

“नाही मावशी. बंद केला की सगळं पुसलं जातं.”

हे खोटं नव्हतं. पान एकशे बारा. फ्लॉपी माझ्या शर्टाच्या खिशात होती. तिच्याबद्दल मावशीने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी एकही शब्द खोटा बोललो नाही, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा समजावलंय. दर वेळी पटतं. पटल्यावर जास्त वाईट वाटतं.

मावशीने डोळे मिटले आणि हाळी दिली. खुर्च्या लावणारे थांबले. नऊ सेकंदांनी मी हात वर करून बस म्हटलं. तिला ऐकू गेलं नसावं. पुढच्या ओळीसाठी तिने श्वास घेतला, तेव्हा मी माईक काढून घेतला. तिने डोळे उघडले. जेवत्या माणसापुढचं ताट उचललं तर तो जसं बघेल तसं बघितलं.

“सुरू केला तं अर्ध्यावर सोरायचा नाय, पोरा,” ती म्हणाली. “बोलावलेली मानसं दारात उभी ऱ्हातान.”

मी हसलो. पडद्यावर आकडा आला होता. नऊ सेकंद.

फ्लॉपी घालेपर्यंत मांडवातली लाइट गेली आणि कीबोर्ड बंद पडला. त्या क्षणी मी सुटलेलो, हे मला आता कळतं. तेव्हा मी वीज मंडळाला शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी माळ्यावर बटण दाबलं. नऊ सेकंद. सगळ्यात डावीकडची पट्टी दाबली. मावशी.

मी पुस्तक काढून पान एकशे बारा गुणाजीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बरंच झालं की, जपानी माल आहे, लिहिलंय त्यापेक्षा जास्त देणारच. गुणाजीचं तोंड इतकं आनंदी होतं की मला पुस्तकाचीच लाज वाटली.

त्या सीझनला आम्ही तुफान चाललो. कळवा, दिवा, कोपर, कल्याणच्या खाडीकाठची गावं. संध्याकाळी साडेसातला हळद लागायची. मी डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने पट्टी दाबायचो, मावशीची हाळी मांडवावरून जायची, म्हाताऱ्या बायका डोक्यावर पदर घ्यायच्या, आणि नवव्या सेकंदाला मी बोट उचलायचो नि ढोलकी पडायची. पोरं वेडी व्हायची. लोक तारीख घ्यायला यायचे ते ‘मावशीवाली पार्टी’ असं विचारत. खुद्द मावशीला मात्र बोलावणी येईनाशी झाली. आवाज आहे तर बाई कशाला, असा साधा हिशोब असणार. तिने कोणाला काही विचारलं नाही. आम्हीही समोर आलो तर तिच्या टोपलीतल्या माशांची चौकशी करायचो.

मार्चमधल्या एका शुक्रवारी पडद्यावर चौदा सेकंद दिसले.

पुढच्या शुक्रवारी एकतीस.

मी पट्टी दाबून धरली. नऊ सेकंद हाळी झाली. मग एक श्वास आला, आणि श्वासामागून पुढची ओळ. जी तिने म्हटलीच नव्हती, कारण मी माईक काढून घेतलेला. मी चटकन बोट उचललं. अडचणींच्या तक्त्यात ‘सॅम्पल आपोआप वाढणे’ असं काही नव्हतं. ‘वाद्यात मुंग्या होणे’ होतं, ते वाचून काढलं.

त्याच सुमाराला गुणाजी सहज म्हणाला की मावशीचा घसा बसलाय. बाजारात ‘बोंबील’ म्हणायला गेली तर पहिलं अक्षर येईना. मग दुसरं. जुन्या गिऱ्हाइकांना वाटलं म्हातारीला गर्व चढला. डॉक्टरने टॉर्च मारून बघितलं, गळा स्वच्छ आहे म्हणाला, आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. मावशीचा उभा जन्म मिठाच्या पाण्यात गेलेला.

एप्रिलच्या मध्याला पडद्यावर चाळीस मिनिटं होती आणि मावशी पूर्ण गप्प होती. मंदाकिनीच्या लग्नाला दुसरी धवलारीण बोलवायची का, असं गुणाजीने तिला विचारलं. ती उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. हे सांगताना गुणाजी माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मधे कीबोर्ड होता.

मी तो टेम्पोत घातला आणि शिळफाट्यावरून डोंबिवलीला नेला. पूर्वेला एका तळमजल्यावर भाऊ राहायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून दिसेल ते उघडून बघणारे. त्यांनी पंखा बंद केला, वर्तमानपत्र अंथरलं, आठ स्क्रू काढून बशीत ठेवले आणि झाकण उचलून आत बॅटरी मारली. बराच वेळ बघत राहिले.

“पुस्तक कुठून वाचायला घेतलंत?”

मी म्हटलं, एकशे दहाव्या पानापासून.

“तिसरं पान वाचा.”

तिसऱ्या पानावर लिहिलेलं की सॅम्पल मेमरीचं कार्ड ह्या मॉडेलमध्ये बसवलेलं नसतं. लागल्यास वेगळं घ्यावं. भाऊंनी बॅटरी पुढे केली. आत कार्डाची खाच होती, रिकामी. कारखान्यात लावलेली पिवळी चिकटपट्टी तिच्यावर तशीच होती, कोणी नखसुद्धा लावलेलं नव्हतं.

“ह्यात शिंकसुद्धा मावणार नाही,” भाऊ म्हणाले.

मी पट्टी दाबली. झाकण उघडंच होतं. मावशी गायला लागली. भाऊंच्या पत्नी चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

“मग हे साठलंय कुठे?” भाऊंनी विचारलं. त्यांना खरंच माझ्याकडून उत्तर हवं होतं.

मी बोट उचललं. भाऊंनी झाकण लावलं आणि आठही स्क्रू परत बसवले, एकेक दोनदा पिळून. चहा कोणी घेतला नाही.

लग्नाला पाच दिवस होते. टेम्पो मी तसाच चेंदणीला नेला. भर दुपार होती. मावशी ओट्यावर सुकट निवडत बसलेली आणि आत मंदाकिनी लग्नाच्या ब्लाउजला हुक लावत होती. मी कीबोर्ड ओट्यावर ठेवला, वायर आत खोचली आणि सगळं सांगून टाकलं. माईक टेस्ट. फ्लॉपीसुद्धा. सांगताना मी दोन-तीन विनोद केले, ते मला आजही शब्दशः आठवतात.

मावशीचे हात सुकटीत थांबले नाहीत. बोलली मंदाकिनी.

“हरीदादा, तुम्ही ते किती वाजता वाजवता?”

“साडेसातला.”

तिने सुई ब्लाउजमध्ये टोचून ठेवली. मग हळूहळू सांगितलं. साडेसातला आजीचा गळा हलतो. जेवत असली तरी, निजलेली असली तरी. आवाज नाही, नुसत्या शिरा ताठ होतात आणि तोंड उघडतं. थोडा वेळ. मग तुटल्यासारखं थांबतं आणि आजी दाराकडे बघत राहते.

“रोज?” मी विचारलं.

“रोज नाय. सोमवारी नाय झालं. बुधवारी दोनदा.”

मी खिशातून डायरी काढली. सोमवार कोरा होता. बुधवारी कोपर आणि दिवा.

मी पट्टीवर बोट ठेवलं. का ठेवलं ते विचारू नका. दाबलं. स्पीकरमधून हाळी आली आणि माझ्यापासून दोन हातांवर मावशीचा गळा वर उचलला गेला, दोरीने ओढल्यासारखा. मी बोट उचललं.

गळा थांबला. मावशी माझ्याकडे बघत होती.

तिने सुकटीचे हात पदराला पुसले. माझं मनगट धरलं, माझं बोट परत पट्टीवर ठेवलं आणि वरून स्वतःची मूठ दाबली. मासळीच्या टोपल्या उचलून घट्ट झालेला हात तो. चाळीस मिनिटं तिने तो सोडला नाही. देव आले, खाडी आली, वेस आली, नावं आली. शेवटी निरोप आला, जो मी कधी ऐकला नव्हता. शेवटचा सूर आपणहून संपला, मी बोट न उचलता.

मावशीने आवंढा गिळला.

“पानी,” ती म्हणाली.

मंदाकिनीने तांब्या आणेपर्यंत तो एक शब्दही गेलेला. पण आलेला. मावशीने बोटं नाचवून काहीतरी विचारलं. मंदाकिनीने सांगितलं, “किती वेळा अर्ध्यावर सोडलास, विचारते.”

मी डायरी मोजली. त्रेचाळीस हळदी. माईक टेस्ट धरून चव्वेचाळीस. एक आत्ता पुरा झाला.

मावशीने दाराकडे बघितलं, रेशनच्या रांगेचा अंदाज घ्यावा तसं. मी वळलो नाही.

उरलेले त्रेचाळीस पुरे करायचे तर रोज अकरा धवले बसत होते, शेवटच्या दिवशी दहा. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, मधे जेवण. आईला वाटलं मला नोकरी लागली. तिने डबा दिला, दुसऱ्या दिवशी शेजारी पेढे वाटले. मी तिला अडवलं नाही. ओट्यावर बसून पट्टी दाबून धरायची, एवढंच काम. चहा उजव्या हाताने प्यायचा. गुणाजीने पुढच्या तारखा रद्द केल्या आणि समोरच्या होडीवर पाठ करून बसला. एक धवला संपला की मावशी थोडी सैल व्हायची आणि थोडं बोलायची. पहिल्या दिवशी ‘पानी’. दुसऱ्या दिवशी सुकटीचा भाव. तिसऱ्या दिवशी गुणाजीला एक सणसणीत शिवी, ती ऐकून तो लहान मुलासारखा रडला.

चौथ्या दिवशी साडेचारला शेवटचा संपला. माझं बोट पांढरं पडून सुजलेलं. दुसऱ्या दिवशी लग्न. आत बायका पापड तळत होत्या आणि त्या वासाने मला भोवळ येत होती.

“झाले सगले?” मावशीने विचारलं. आवाज पूर्ण तिचा, तीन गल्ल्या जाईल असा. “अजून कोन ऱ्हायला नाय ना, पोरा?”

तेव्हा मला शुक्रवार आठवले. माळ्यावरची प्रॅक्टिस. ढोलकीचा ठेका बसेपर्यंत एका सकाळी वीस वीस वेळा पट्टी दाबायचो आणि उचलायचो. ते डायरीत नव्हते. भाऊंकडचाही नव्हता. प्रॅक्टिस कोण लिहून ठेवतं.

“नाही मावशी,” मी म्हटलं. “झाले सगळे.”

ह्या वेळी कुठलंही पान माझ्या बाजूला नव्हतं.

मग मी सॅम्पल पुसून टाकलं. नक्की पुसायचं का, असं पडद्याने विचारलं. मी हो दाबलं. शून्य सेकंद. मावशीने मला पानावर बसवून स्वतः वाढलं.

लग्न सकाळचं होतं. हिरव्या लुगड्यात मावशी तांदळाच्या राशीपुढे बसली, डोळे मिटले आणि हाळी दिली. मांडव गप्प झाला. दुसरी ओळ आली, तिसरी आली. पाटावर बसलेल्या मंदाकिनीच्या मुंडावळ्या थरथरत होत्या. गुणाजी नाक पुसत होता. मी मागे उभा होतो, पुढच्या लोखंडी खुर्चीच्या पाठीवर हात टेकून. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्या छातीत जागा झालेली.

एक बाई अक्षतांचं ताट घेऊन आली. मी ताटाला आधार द्यायला खुर्चीवरचा डावा हात उचलला.

धवला थांबला.

मावशीचं तोंड उघडं होतं. कोणाला वाटलं, श्वास घेतेय. कोणाला वाटलं, भरून आलं. ती एका नावाच्या मधोमध थांबलेली.

मी बोट खुर्चीवर टेकवलं.

अर्ध्या अक्षरापासून धवला पुढे सुरू झाला.

मी पुन्हा एकदा बोट उचललं. खात्री करायला. ह्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

परत टेकवलं. निरोपापर्यंत हललो नाही. सगळे मावशीकडे बघत होते. मंदाकिनी मुंडावळ्यांमधून माझ्या हाताकडे बघत होती.

कीबोर्ड गुणाजीने पुस्तकांसकट विकला. मी बी.कॉम. झालो आणि वागळे इस्टेटमध्येच एका कंपनीत लागलो. बोट टेकवायला काहीही चालतं, टेबल, भिंत, स्वतःचा अंगठा. अंगठा सोयीचा पडतो. बसमध्ये लोकांना वाटतं मी तपकिरीची चिमूट धरलीय. एका पेन्शनर गृहस्थांनी ती मागितलीसुद्धा. मी नाही म्हटलं तर त्यांना राग आला.

पहिलं वर्षभर फक्त धवला थांबायचा. मग मंदाकिनीने सांगितलं की भावाची घासाघीस ऐन रंगात असताना आजी मधेच गप्प होते. दिवस-वेळ विचारली. मी तेव्हा अंगाला साबण लावत असायचो. तेव्हापासून आंघोळ एका हाताने. झोपताना बोट आणि अंगठा रबर बँडने बांधतो. आई आता विचारत नाही. मावशी ठणठणीत आहे, ह्या सीझनला अठरा लग्नं गायली. भेटली की माझ्या गालावरून हात फिरवते, पोर गुणाचं आहे म्हणते. मी बोट अंगठ्यावरून काढत नाही.

परवा रविवारी सकाळी सातला फोनच्या घंटीने जाग आली. आमच्याकडे फोन येऊन दोनच महिने झालेत, त्यामुळे अजून सगळे धावतात. मी आधी पोचलो. पलीकडे मंदाकिनी होती, माहेरी आलेली.

“हरीदादा,” ती म्हणाली, “आजी उठत नाय. डॉक्टरला नाय सांगितलं अजून. आधी तुम्हाला केला.”

मी हाताकडे बघितलं. रबर बँड नव्हता. कधी तुटला ते मला माहीत नाही.

मी बोट फोनच्या टेबलावर दाबलं. नखाखालचं रक्त गेलं.

पलीकडे बराच वेळ काही नव्हतं.

“थांबा,” मंदाकिनी म्हणाली. “घेतला.”

काय घेतला, ते मी विचारलं नाही.